लिटल व्हिलेजमधला मधुमेह: ताटाआधी गल्ली पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात आहारशास्त्र शिकून शिकागोत सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणासाठी आला आहात. लिटल व्हिलेज या तिथल्या मेक्सिकन वस्तीतल्या एका दवाखान्याने लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, प्रौढांसाठी मधुमेहाचा कार्यक्रम आखायचं काम तुमच्याकडे दिलं आहे. एका लेखात वाचलंत की लॅटिनो संस्कृती आरोग्य राखते, दुसऱ्यात वाचलंत की संस्कृतीमुळेच साखर आटोक्यात येत नाही. आता तुम्ही विचारता, खरं कोणतं आणि कार्यक्रमात 'संस्कृती' असं वेगळं प्रकरण ठेवायचं का.

वेगळं प्रकरण ठेवू नका. दोन्ही लेख आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण एकच सवय एका गल्लीत तारते आणि दुसऱ्या गल्लीत नडते. माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे. समोरच्या माणसाची कोणती सवय त्याच्या वस्तीत चालते आणि कोणती अडते, हे दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत कसं काढायचं? त्याचं उत्तर माणूस कुठून आला, किती वर्षांपूर्वी आला, काय काम करतो आणि कोणत्या रस्त्यावर राहतो यावर ठरतं. म्हणून खालचं सगळं शिकागोच्या या भागाला धरून लिहिते. मायामीत किंवा टेक्सासच्या सीमेवर यातलं बरंच बदलेल.

आधी तो गाजलेला विरोधाभास. १९८६ साली मार्कीदीस आणि कोरील यांनी दाखवलं की अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे लॅटिनो लोक गरीब आणि विम्याशिवाय असूनही त्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास आहे. पुढे राष्ट्रीय आकड्यांतही तेच दिसलं. २०१९ मध्ये लॅटिनोंचं सरासरी आयुर्मान ८२ वर्षांच्या आसपास होतं, गोऱ्यांचं ७९ च्या आसपास. काहींनी शंका काढली की आजारी माणसं मरायला मायदेशी जातात, म्हणून आकडा फुगतो. पण क्युबाच्या लोकांना तेव्हा सहज परतता येत नव्हतं, आणि पोर्तो रिको हा अमेरिकेचाच प्रदेश असल्याने तिथे परतलेल्याचा मृत्यू अमेरिकेच्याच नोंदीत येतो. तरीही या दोन्ही गटांत फरक उरलाच. सिगारेट कमी ओढणं हे एक मोठं कारण, धडधाकट माणसंच स्थलांतर करतात हे दुसरं, आणि घर-शेजार हे तिसरं. मात्र २०२० मध्ये कोविडने हे आयुर्मान सुमारे ४ वर्षांनी खाली आणलं. घरात तीन पिढ्या आणि काम कत्तलखान्यात किंवा स्वयंपाकघरात, जिथे घरी बसून पगार मिळत नाही. एरवी म्हाताऱ्यांना सांभाळणारं तेच भरलं घर संसर्गाच्या वर्षी त्यांच्यावर उलटलं.

शिवाय जास्त जगणं म्हणजे निरोगी जगणं नव्हे. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे २००८ ते २०११ मध्ये १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ लॅटिनोंची नोंद घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत साधारण १० टक्के, तर मेक्सिकन, डोमिनिकन आणि पोर्तो रिकन लोकांत १८ टक्क्यांच्या आसपास निघालं. अमेरिकेत जितकी जास्त वर्षं काढली, तितकं प्रमाण वाढत गेलं. त्यामुळे 'लॅटिनो' हा शब्द फॉर्मवर ठीक, सल्ला देताना निरुपयोगी. पोर्तो रिकन माणसाच्या हातात तोर्तियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं, पत्रक दिलंत तर तो हसेल. त्याच्या ताटात भात, तुरीचे ओले दाणे आणि केळ्याचे काप असतात. आपल्याकडे 'भारतीय आहार' या नावाखाली इडलीचं चित्र छापून कोल्हापुरात वाटावं, तसंच ते.

आता वस्ती. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत ७०० हून अधिक माणसं दगावली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, म्हणजेच तुमचं लिटल व्हिलेज, हे दोन भाग शेजारी-शेजारी. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं. पण नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण लाखाला ४० आणि लिटल व्हिलेजमध्ये ४ पेक्षा कमी. याची पहिली ओढ 'लॅटिनो कुटुंबप्रेमा'कडे जाते, फामिलिस्मोकडे. पण २६व्या रस्त्यावर एकदा चालून पाहिलं की दुसरं कारण दिसतं: लागून लागून दुकानं, पानादेरिया म्हणजे बेकऱ्या, फेरीवाले, सतत वर्दळ. म्हातारा माणूस उकाड्यात खाली उतरू शकतो, गार दुकानात उभा राहू शकतो, आणि दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी चौकशी करतं. नॉर्थ लॉनडेलमध्ये, जिथली वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आहे, कारखाने गेले, दुकानं मिटली, मोकळे भूखंड उरले. तिथल्या म्हाताऱ्यांनी दार लावून घेतलं. तिथल्या लोकांना कुटुंबाची माया कमी होती असं नाही. एका उन्हाळ्यावरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण हे उदाहरण डोक्यात ठेवा, कारण माणसाच्या स्वभावाला दिलेलं श्रेय पुष्कळदा रस्त्याचं असतं. दोषाचंही तसंच.

दोषाचं उदाहरण म्हणजे पाणी. 'गोड पेयं बंद करा, पाणी प्या' हा मधुमेहातला सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक सल्ला. ३५५ मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते. दिवसाला दोन डबे सुटले तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत फरक दिसू शकतो. तरी सल्ला लागू पडत नाही, आणि फाइलवर 'रुग्ण ऐकत नाही' असा शेरा पडतो. खोलात विचारलं तर कळतं की मेक्सिकोत नळाचं पाणी न पिण्याची सवय लहानपणापासूनची. इथे आल्यावर ती सुटायला हवी होती, पण शिकागोत घराघरात पाणी नेणाऱ्या शिशाच्या नळ्या सुमारे ४ लाख, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. जुन्या घरांच्या या भागात नळावरचा अविश्वास अडाणीपणाचा नाही. मग पाणी विकत आणायचं, आणि विकतच घ्यायचं तर पोरांना आवडणारी बाटली येते. इथे आहारसल्ल्याचे चार पानी कागद वाटण्यापेक्षा एवढं करा: शिशासाठी प्रमाणित, म्हणजे खोक्यावर 'एनएसएफ ५३' लिहिलेला गाळणीचा जग दाखवा, गाळणी किती गॅलननंतर बदलायची ते जगावरच मार्करने लिहून द्या, रात्रभर साचलेलं पाणी सकाळी पाच मिनिटं वाहू द्यायला सांगा, आणि शहराच्या ३११ क्रमांकावरून मोफत पाणीतपासणी मागवायला मदत करा. उकळून शिसं जात नाही, हे आवर्जून सांगा. बहुतेक घरांत उकळण्यावर विश्वास असतो.

आणि 'आग्वा फ्रेस्का'ला, म्हणजे घरगुती सरबताला, सरसकट दोषी ठरवू नका. हामाइका म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचंच आंबट पाणी. साखर घातली नाही तर ते उत्तम पेय आहे. साखर किती घालता हे कपात विचारू नका, भांडं दाखवायला सांगा.

जेवणाबद्दल 'तोर्तिया खाता का' हा प्रश्न वाया जातो. मक्याची की मैद्याची, केवढी, आणि एका बसणीला किती, हे तीन विचारा. सहा इंची मक्याच्या तोर्तियात १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं असतात, बरितोच्या मोठ्या मैद्याच्या तोर्तियात ३५ ते ५०. आपल्याकडे 'दोनच पोळ्या' म्हणणाऱ्याची पोळी केवढी हे विचारावं लागतं ना, तसंच. याहून खात्रीची युक्ती म्हणजे तीसचं पाकीट घरात किती दिवस पुरतं आणि खाणारी तोंडं किती, हे विचारणं. मक्याची तोर्तिया घालवू नका. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळल्यामुळे तिच्यात कॅल्शियम येतं, आणि तिच्यासोबत घेवडा येतो. ती घालवली की त्या जागी पाव येतो आणि घेवडाही ताटातून जातो. अमेरिकेत वर्षं वाढतात तसं आहाराचं नेमकं हेच होतं. काढायचंच असेल तर रात्री कॉफीबरोबरचा पान दुल्से, म्हणजे गोड पाव, काढा. तोही रोजचा रविवारपुरता करा, म्हणजे टिकेल.

चालण्याचा सल्ला इथे सर्वांत जास्त फसतो. वस्तीविषयीच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा दिसते: स्थलांतरितांच्या दाट वस्तीत राहणाऱ्या लॅटिनोंचा आहार बरा असतो, पण व्यायाम कमी. लिटल व्हिलेजमध्ये त्याची कारणं डोळ्यांना दिसतात. मोकळी जागा इतकी कमी की ला व्हियिता पार्क २०१४ च्या अखेरीस, तेही प्रदूषित कारखान्याची जमीन साफ करून, उघडलं. कोळशावरचं क्रॉफर्ड वीजकेंद्र २०१२ मध्ये बंद झालं. त्याची चिमणी ११ एप्रिल २०२० ला, ऐन कोविडमध्ये, पाडली तेव्हा धुळीचा लोट घरांवर आला. आता त्या जागेवर गोदाम आहे आणि ट्रकची वर्दळ. त्यात टोळ्यांच्या हद्दी. तरुण पुरुष अमुक रस्ता ओलांडून बागेत जाणार नाही, आणि कारणही सांगणार नाही. म्हणून 'रोज अर्धा तास चाला' असं लिहू नका. नकाशा समोर ठेवा आणि विचारा, 'तुम्ही तसेही कुठे चालत जाता?' शाळा, चर्च, कपडे धुण्याचं दुकान. त्यातल्या एका फेरीला दहा मिनिटं जोडा, शक्यतो जेवणानंतर. आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य अशा तुकड्यांतूनही भरतं. जानेवारीत पदपथावर बर्फ साचतो, तेव्हा मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला बाहेर पाठवणं धोक्याचंच. त्या महिन्यांसाठी चर्चच्या तळघरातला नाच आधीच ठरवून ठेवा. आणि दिवसभर बांधकामावर किंवा लॉन कापायला राबणाऱ्याला 'व्यायाम करा' म्हणणं निव्वळ अपमान. त्याला पायमोजे, बूट आणि उन्हात पाणी याबद्दल बोला.

दवाखान्यातल्या वागण्याबद्दल आता, भराभर.

वयाने मोठ्या माणसाला उस्तेद, म्हणजे तुम्ही, म्हणा, तू नव्हे. मराठी माणसाला हे समजावायला नको. पण रेस्पेतोची, म्हणजे मान राखण्याची, दुसरी बाजू ओळखा. 'सी, दोक्तोरा' (हो, डॉक्टरबाई) म्हणजे होकार असतोच असं नाही, ते मानाने ऐकून घेणं असतं. म्हणून 'समजलं का' विचारू नका. 'घरी गेल्यावर मुलीला हे कसं सांगाल?' असं विचारा आणि त्यांच्या तोंडून ऐका. 'सी दियोस किएरे' कानावर आलं की नोंदीत 'दैववादी' लिहायची घाई नको. आपल्या 'देवाच्या मनात असेल तर'इतकंच त्याचं वजन. दैववाद शोधण्याआधी दवाखान्याच्या वेळा पाहा. नऊ ते पाच उघड्या दवाखान्यात येण्यासाठी रोजंदारीवरच्या माणसाचा अख्खा दिवस बुडतो. आठवड्यात एक संध्याकाळ उशिरापर्यंत उघडी ठेवणं हे संस्कृतीवरच्या चार प्रशिक्षणांपेक्षा जास्त उपयोगी.

मधुमेह सुस्तोमुळे, म्हणजे मोठी दहशत बसल्यामुळे झाला, असं बरेच जण सांगतील. खोडू नका, कधी, काय घडलं, ते विचारा. त्यातून सीमा ओलांडणं, अपघात, मुलगा गेल्याचं दुःख बाहेर येतं, आणि नैराश्याची चाचणी करायची का हेही कळतं. इन्शुलिनने डोळे जातात ही समजूत मात्र खोडावीच लागते, पण 'चुकीचं आहे' म्हणून भागत नाही, कारण त्यांनी आपल्या मावशीला इन्शुलिन सुरू झाल्यावर वर्षभरात आंधळं होताना पाहिलेलं असतं. कागदावर रेघ ओढा: साखर वाढली ते वर्ष, गोळ्या, न केलेली डोळ्यांची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी इन्शुलिन. डोळ्यातली नस खराब व्हायला सुरुवात कुठे झाली ते त्यांनाच दाखवू द्या. इन्शुलिन सुरू करण्याआधी डोळे तपासून घेतलेत तर ही समजूत पुढच्या नातेवाइकापर्यंत जात नाही.

घरगुती उपायांत नोपाल, म्हणजे निवडुंगाची पानं, भाजी म्हणून चांगली. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर रस रोज घेत असतील तर साखर जास्त उतरत नाही ना हे तपासा. पण पोट जड झाल्यावर, एम्पाचोवर, दिली जाणारी ग्रेता आणि अझार्कोन ही पूड ऐकलीत तर तिथेच थांबा. ग्रेता हे शिशाचं पिवळं ऑक्साइड, आणि अझार्कोन रसायन म्हणून आपला शेंदूरच. घेणाऱ्याचं आणि घरातल्या मुलांचं रक्तातलं शिसं त्याच आठवड्यात तपासा. हे कळण्यासाठी 'औषधं कोणती' हा प्रश्न पुरत नाही. 'चहा, पूड, इंजेक्शन, मेक्सिकोहून कुणी आणलेलं काही?' असं वेगवेगळं विचारा.

भाषेतले दोन सापळे. औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत 'वन्स' (once, म्हणजे एकदा) लिहिलेलं असतं, त्याचीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचली जातात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. दुकानातून स्पॅनिश लेबल मागून घ्या आणि आकडाच लिहायला सांगा. दुसरा 'इन्तोक्सिकादो': अर्थ काहीतरी वाईट खाऊन झालेली बाधा. १९८० मध्ये फ्लोरिडात एका १८ वर्षांच्या मुलाबाबत हा शब्द नशेचा समजला गेला, मेंदूतला रक्तस्राव वेळेत ओळखला गेला नाही आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. म्हणून प्रशिक्षित दुभाषी हवा. सोबत आलेल्या दहा वर्षांच्या मुलीकडून काम भागवणं तातडीशिवाय कायद्यालाही मान्य नाही. ग्वातेमालाहून आलेल्यांची पहिली भाषा किचे किंवा माम असू शकते. स्पॅनिश तोडकं वाटलं तर आधी ते विचारा.

मग भीती. २००८ च्या मे महिन्यात आयोवातल्या पोस्टव्हिल गावात कत्तलखान्यावर स्थलांतर खात्याची धाड पडली. त्यानंतरच्या महिन्यांत आयोवातल्या लॅटिना मातांच्या बाळांत कमी वजनाचं प्रमाण आधीच्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, अमेरिकेत जन्मलेल्या मातांमध्येसुद्धा. कागदपत्रं असलेल्यांनाही भीती बाधते. तुमच्या हातात आहे ते एवढंच: स्थलांतराचा दर्जा विचारू नका, कळला तरी लिहू नका, वर्गाच्या हजेरीपटावरून पत्त्याचा रकाना काढा. वर्ग ओळखीच्या जागी भरवा. बोलावणं प्रोमोतोराकडून, म्हणजे त्याच गल्लीतल्या आरोग्यसेविकेकडून जाऊ द्या. आपल्या आशाताईंची आठवण येईल, आणि चूकही तीच होते: बाई सेवाभावी आहे म्हणून तिला मानधनावर राबवतात. तिला तासाप्रमाणे पगार द्या, आणि माझ्या हिशेबाने एका वेळी २५ पेक्षा जास्त कुटुंबं देऊ नका; त्यापुढे ती फक्त फोन करते, घरी जात नाही.

आराखड्यात एक चूक हमखास होते ती सांगते. मधुमेह-प्रतिबंधाचा प्रसिद्ध अभ्यासक्रम, पहिल्या सहा महिन्यांत १६ सत्रं आणि ५ ते ७ टक्के वजन घट, हा मधुमेहपूर्व अवस्थेसाठी आहे. मूळ चाचणीत त्याने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी केला, म्हणून सगळे तोच उचलतात. निदान झालेल्यांना वेगळं शिक्षण लागतं: पाय, डोळे, हायपो (साखर एकदम उतरणं), औषधं. दोन गट वेगळे ठेवा. दोन्हीकडे मात्र स्वयंपाक करणारी व्यक्ती सत्राला आलीच पाहिजे. आई स्वतःसाठी वेगळं रांधणार नाही. घरच्यांच्या ताटात बदल झाला तरच तिच्या ताटात होईल. आणि महिनाअखेरीला गावी पैसे पाठवल्यावर गोळ्या अर्ध्या करून पुरवतात का, हे तिला एकटीला विचारा, नवऱ्यासमोर नाही.

शेवटचं, मोजमापाबद्दल. १२ डिसेंबरच्या ग्वादालुपेच्या सणापासून ६ जानेवारीच्या रेयेसपर्यंतच्या (तीन राजांच्या सणापर्यंतच्या) सलग खाण्यापिण्याला मेक्सिकन लोक स्वतःच गमतीने 'ग्वादालुपे-रेयेस मॅरेथॉन' म्हणतात; नंतर २ फेब्रुवारीला तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, असतातच. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची पहिली तपासणी तुम्ही जानेवारीअखेर केलीत, तर मे महिन्यात आकडे आपोआप सुधारलेले दिसतील आणि श्रेय कार्यक्रमाला जाईल. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला करा, पुढची मे महिन्यात, आणि तिसरी पुन्हा नोव्हेंबरला. निधी देणाऱ्यांना सहा महिन्यांचा अहवाल हवा असेल तर मे महिन्याचा द्या, पण त्यात लिहा की मधल्या काळात सण आणि हिवाळा दोन्ही होते.